जयमालाचं पेर

काचेच्या पेटीत वेडीवाकडी वायर दिसली की जयमालाच्या बोटांना खाज सुटायची.

आकुर्डी स्टेशनजवळच्या नवनाथच्या गाळ्यात ती गेमिंगचे कॉम्प्युटर जुळवायची. हल्ली या मशीनला एका अंगानं काच असते, आत रंगीत दिवे असतात, आणि घेणारा गडी गेम खेळायच्या आधी तासभर नुसतं आतलंच बघत बसतो. त्या आतल्या वायरी जयमाला अशा बसवायची की एक केस वेणीबाहेर नाही. नवनाथ तिच्या कामाचे फोटो मोबाइलवर टाकायचा. रावेतची, ताथवड्याची आयटीतली पोरं ते फोटो बघून यायची आणि बजावून जायची, वायरी त्या ताईंनीच बांधल्या पाहिजेत.

ही विद्या तिनं कुठल्या कॉलेजात घेतली नव्हती. जयमाला मावळातली, पवनेच्या वरच्या अंगाची. दहावीला गणितात गेली आणि वर्षाच्या आत लग्न होऊन चिखलीला आली. सासरचं वावर ती यायच्या आधीच प्लॉट पडून संपलं होतं. नवरा खंडू कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, सासू रुक्मिणीबाई तोंडानं तिखट पण हातानं कामसू. खंडूच्याच बसमध्ये बसून जयमाला चाकणला कामाला लागली. गाड्यांच्या वायरिंगची कंपनी. मोटारीच्या अंगात शिरांसारखं जे वायरींचं जाळं असतं, ते तिथं बायका हातानं बांधतात. तिरका उभा बोर्ड, बोर्डाला खुंट्या, खुंट्यांवरून वायरी टाकायच्या, टोकाला प्लॅस्टिकचा कनेक्टर बसवायचा आणि वर काळी टेप गुंडाळत जायचं. बोर्ड साखळीवर पुढं सरकत राहतो आणि बाई त्याच्यासंगं चालत राहते. चौदा वर्षं ती त्या बोर्डासंगं चालली. तेवढ्या चालीत चारदा काशी झाली असती.

तिथली तिची लाइन लीडर म्हणजे कुसुमताई. कनेक्टरच्या तोंडापासून पंचवीस मिलीमीटर वायर मोकळी सोडायची आणि मग टेप सुरू करायची, असा नियम होता. पण चालत्या बोर्डावर पट्टी लावायला सवड कुणाला? पहिल्याच दिवशी कुसुमताईनं जयमालाचा अंगठा धरला आणि स्टीलच्या पट्टीवर टेकवला. नखापासून पहिल्या सांध्यापर्यंतचं पेर बरोबर पंचवीस भरलं.

"पट्टी हरवती, पेर हरवत न्हाई," कुसुमताई म्हणाली.

सगळी लाइन पेरावर चालायची. एखादीचं पेर आखूड निघालं तर तिला नख वाढवायला सांगायचे. तपासणीवाला साहेब मागून पट्टी लावायचा तर पंचवीसच निघायचे, आणि बायका माना खाली घालून हसायच्या.

तीन वर्षांमागं ती लाइन कंपनीनं दुसऱ्या राज्यात नेली. ठेक्यावरच्या बायका घरी बसल्या. नवनाथ त्याच कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्तीला होता. लातूरकडचा माणूस, बोलायला मोकळा. नोकरी सोडून त्यानं गाळा घेतला तेव्हा त्याला पहिली आठवण झाली ती जयमालाच्या हाताची.

मशीनमध्ये सगळ्यात मानाची वस्तू म्हणजे ग्राफिक्स कार्ड. पडद्यावरची चित्रं तेच काढतं. बाकी सगळी वऱ्हाडी मंडळी, नवरदेव हाच. त्याच्या खोक्यावरचं कसं वाचायचं ते नवनाथनं तिला शिकवलं. इंग्रजी वाक्य तिला लागायचं नाही, पण आकडा कुठल्याही भाषेत आकडाच. तिनं त्याचा आपल्यापुरता अर्थ लावून घेतला. मेमरी सोळा जीबी, म्हणजे कणगी केवढी. बस दोनशे छप्पन बिटची, म्हणजे वेस किती रुंद, एका वेळी किती गाड्या आत शिरतील. कोअर नऊ हजारांच्या आसपास, म्हणजे एका वावरात तेवढे मजूर भांगलायला बसलेत. घड्याळ अडीच गिगाहर्ट्झचं, म्हणजे मुकादम त्यांना किती घाईनं हाकतोय. लांबी तीनशे छत्तीस मिलीमीटर, ती कॅबिनेटात मावली पाहिजे. जाडी तीन स्लॉट; स्वतःची जागा एक, पण बांध कोरणाऱ्या भावकीसारखं शेजारच्या दोन जागा खाऊन बसायचं. वीज तीनशे वॅट. म्हणून वीज पुरवणारा डबा, ज्याला दुकानात सगळे एसएमपीएस म्हणतात, तो साडेसातशेचा हवा.

गिऱ्हाइकांना ती हे असंच सांगायची. एक इंजिनीअर नुसत्या जीबीच्या आकड्याला भुलून स्वस्तातलं कार्ड घेत होता. जयमाला त्याला म्हणाली, की साहेब, कणगी दांडगी हाय पण वेस बघा, बोळ हाय नुसता. तो हसला आणि दुसरं कार्ड घेऊन गेला.

या नव्या कार्डांना वीज घेण्याचा प्लगही नवा होता. बारा जाड पिना, चार बारीक, आणि सगळं मिळून काडेपेटीपेक्षा लहान. जयमालाला तो बघताक्षणी ओळखीचा वाटला. खट आवाज येईस्तोवर दाबायचा, हलवून बघायचा, एक पेर सोडायचं आणि वायरींची जुडी वळवून वर प्लॅस्टिकचा बंद, म्हणजे टाय, आवळायचा. काचेतून बघितलं तर प्लगमधून वायरी निघतात आणि काटकोनात वळून मागं गडप होतात. या कामाचं सगळ्यात जास्त कौतुक व्हायचं.

एका मंगळवारी दुपारी रावेतचा आयुष आपलं मशीन कुशीत धरून गाळ्यात आला. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा पोरगा, पाच महिन्यांपूर्वी मशीन घेऊन गेलेला. पडदा एकाएकी काळा झाला आणि वास आला, म्हणाला. नवनाथनं काच काढली. प्लगचं एक टोक वितळून कार्डाला चिकटलं होतं, कडेला तपकिरी झालं होतं.

नवनाथनं धंद्याच्या रीतीनं आधी गिऱ्हाइकावरच ढकललं. तुम्ही हात लावला असेल, धूळ काढताना ओढलं असेल. आयुष म्हणाला, की काच मी एकदाही काढलेली नाही, ताईंनी बांधलंय ते मोडेल म्हणून घरात कुणाला हातसुद्धा लावू देत नव्हतो.

ते वाक्य जयमालाच्या छातीवर येऊन बसलं.

नवनाथ मग नरमला. कार्ड सर्व्हिस सेंटरला पाठवू, बदलून मिळेल, म्हणाला. आयुष गेल्यावर जयमालाला म्हणाला, की हे प्लग जगभर कुठं ना कुठं जळतात, मालच तसला, तुम्ही कशाला तोंड पाडून बसता. तिनं कार्डाच्या रिकाम्या खोक्यातला घडीचा कागद काढला. असले कागद तिनं डझनांनी खोक्यातच राहू दिले होते. आत बारीक अक्षरांची गर्दी, आणि कोपऱ्यात एक चित्र. प्लग, त्यातून सरळ निघालेल्या वायरी, बाजूला बाण, बाणावर आकडा. पस्तीस मिमी. शेजारी दुसरं चित्र, प्लगजवळ वळलेल्या वायरींचं, त्यावर फुली.

तिनं ड्रॉवरमधून पट्टी काढली आणि जळलेल्या प्लगपासून आपल्या टायपर्यंत लावली. पंचवीस.

खोक्यावर छापलेले एवढे आकडे तिला तोंडपाठ होते. हा एक खोक्यावर नव्हता. आणि खोक्यावरचाही एक तिनं नुसता पाठच केला होता, त्याचा भागाकार कधी केला नव्हता. तीनशे वॅट, वीज बारा व्होल्टची. भागलं तर पंचवीस अँपिअर. मोटारीच्या वायरिंगमध्ये पंचवीस अँपिअरला एकच चांगली जाड वायर आणि वेगळा फ्यूज असतो, हे तिच्या हाताला माहीत होतं. इथं बारांपैकी सहा वायरी वीज आणतात, सहा परत नेतात; तोच भार त्या सहा बारीक वायरींवर वाटून जातो. वायरी सरळ राहिल्या तर सहाही जणी बरोबरीनं ओझं उचलतात. पण जवळून वळवून आवळल्या, की बाहेरच्या बाजूच्या पिना ताणानं तिरक्या होतात, त्यांची पकड सुटते, आणि त्यांचं ओझं शेजारणींच्या डोक्यावर पडतं. मग त्या तापतात. आठ महिन्यांत तिनं अशी एकोणीस मशीन बांधली होती. एकोणिसांनाही एक पेर.

एक जळलं होतं. अठरा अजून लोकांच्या घरांत चालू होती.

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, गाळाही बंद. जयमाला भोसरीला कुसुमताईकडं गेली. कुसुमताई आता घरी लोणची-पापड करते. तिला सगळं सांगितल्यावर ती तंबाखूला चुना मळत म्हणाली, की पंचवीसचा आकडा त्या एका गाडीच्या ड्रॉइंगचा होता. दुसऱ्या गाडीला चाळीस होता, तिसऱ्याला वीस. आपल्या लाइनला एकच गाडी होती, म्हणून आपल्याला एकच आकडा ठाऊक.

"मग पेर म्हंजी नियम नव्हता?"

"कशाचा नियम, बये. साहेबानं आरडू नये म्हणून काढलेली युक्ती व्हती ती. तू देव्हाऱ्यात मांडून बसलीस व्हय?"

जयमालानं विचारलं, आता काय करू. कुसुमताईनं साधा हिशेब सांगितला. मशीनवर स्टिकर नवनाथचं, कार्डावर नाव कंपनीचं. तुझं नाव कुठंच नाही. कोण विचारणार तुला? चहा घे आणि घरी जा. यात वाईट काही नव्हतं, चाळीस वर्षं ठेक्यावर राबलेल्या बाईचं शहाणपण होतं ते. जयमाला चहा प्याली. पण नाव कुठंच नाही, हे ऐकून तिला बरं वाटायच्या ऐवजी मेल्याहून मेल्यासारखं झालं. अठरा घरांत लोक काचेला डोळे लावून बसलेत, ताईंचं काम म्हणून आल्यागेल्याला दाखवतायत, आणि ताईंचं नाव नाही.

शुक्रवारी गाळा उघडताच तिनं नवनाथला पट्टी लावून दाखवली. त्याचा चेहरा उतरला. तो काही मूर्ख माणूस नव्हता. तो स्टुलावर बसला.

"ताई, अठरा जणांना फोन करून आमचं चुकलंय म्हणून सांगायचं म्हणायलात? उद्या शटरला कुलूप लागंल."

"आन् एखाद्याचं घर पेटलं तर?"

"पेटत नसतंय. वितळतंय, बंद पडतंय." त्याला स्वतःलाही ते पटलेलं नव्हतं. मग त्यानं तोड काढली. फोन करायचे, पण चूक म्हणायचं नाही. दुकानाकडून फ्री सर्व्हिस आहे म्हणायचं, जाऊन टाय तोडायचे, वायरी मोकळ्या करून यायचं. जयमालालाही ते बरं वाटलं. खोटं बोलणं नको, खरं बोलणंही नको.

आठवडाभरात सात घरं झाली. जयमाला जायची, काच काढायची, कटरनं टाय तोडायची, पट्टीनं मोजून पस्तीसच्या पुढं वायरींना सैल वळण द्यायची. काम झाल्यावर वायरी काचेला पोट लावून फुगायच्या, गाभण म्हशीसारख्या. लोक तोंड वाकडं करायचे. आधीचं किती छान होतं, ही कसली सर्व्हिस. ती म्हणायची, हवा खेळायला पाहिजे. सातव्या घरापर्यंत तिला स्वतःच्याच बोलण्याचा वीट आला होता.

आठवं घर कासारवाडीला तनुजाचं. ही गेम खेळणारी नव्हे. कारखान्यांच्या साच्यांची चित्रं घरी बसून कॉम्प्युटरवर काढायची, त्यासाठी तेच तगडं कार्ड. गेमवाला दोन-तीन तास खेळतो नि उठतो. हिचं मशीन दिवसभर पुऱ्या जोरावर. फोनवर दोनदा ती नको म्हणाली होती. जयमाला तिसऱ्यांदा न विचारताच गेली. तनुजानं दार अर्धं उघडलं. मागं खोलीत फोमच्या आणि थर्मोकोलच्या पाट्यांची छतापर्यंत थप्पी. नवरा मखरं बनवायचा. थप्पीच्या कुशीत मशीन, आणि पंखे घोंघावत होते.

तनुजा म्हणाली, की मशीन एकदम व्यवस्थित चाललंय, आत्ता एक काम लावलंय ते संध्याकाळपर्यंत संपेल, पोरीला शाळेतून आणायला निघालेय, सर्व्हिस पुढच्या महिन्यात बघू.

जयमालाच्या ध्यानात आलं, की फुकट सर्व्हिसला कुणी चालतं मशीन बंद करत नाही. फुकटाला माणूस नको म्हणू शकतो. आणि ही आता मशीन चालू ठेवून, दाराला कुलूप लावून जाणार.

"सर्व्हिस न्हाई ती," जयमाला म्हणाली. "तुमची वायर मी चुकीची बांधली हाय. चूक माझी हाय, दुकानाची न्हाई. एक प्लग जळलाय. आधी ते बंद करा, मग मला काय बोलायचं ते बोला."

तनुजानं मागं वळून थप्पीकडं बघितलं, आणि धावत जाऊन मशीन बंद केलं.

प्लग उपसला तर कडेच्या दोन पिनांभोवती प्लॅस्टिक पिवळं पडलेलं, हाताला चांगलं कढत. ही वायर परत लावायची नाही, नवी येईस्तोवर मशीन बंद, असं जयमालानं सांगितलं. तनुजाचं त्या संध्याकाळचं काम बुडालं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. एवढंच म्हणाली, "दोनदा फोन केलात तेव्हा जीभ झडली होती का?"

जयमाला आकुर्डीला पोचायच्या आत तनुजाचा फोन नवनाथला जाऊन थडकला होता. नवनाथ गाळ्यात उभाच होता. आवाज चढवला नाही, त्यामुळं जास्त लागलं.

"तुमाला मी बहिणीसारखं ठेवलं ताई. अन् तुमी माझं दुकान चव्हाट्यावर मांडलं."

जयमाला म्हणाली, की मी माझी चूक सांगितली. तो म्हणाला, लोकांना तुमची नि माझी वेगळी दिसत नसते. मग त्यानं खालच्या कप्प्यातनं नव्या वायरींचा गठ्ठा काढला, काउंटरवर ठेवला. राहिलेली घरं उरकायची आणि मग गाळ्याची पायरी चढायची नाही. अठरा घरांच्या यादीतली तनुजाच्या नावापुढची जागा त्यानं स्वतः पेननं भरली: नवी वायर.

घरी रुक्मिणीबाईनं सगळं ऐकून घेतलं. पापात भागीदार कुणी नसतो, पण पगारात आम्ही सगळे होतो, एवढं म्हणून ती भाकरी थापायला बसली.

राहिलेल्या दहा घरांना जयमालानं फोनवर पहिल्याच वाक्यात खरं सांगितलं. नऊ दारं लगोलग उघडली. दोघांनी शिव्या दिल्या. एकानं तिचं बोलणं मोबाइलवर चित्रित करून घेतलं, पुरावा म्हणून. दोन प्लग पिवळे निघाले.

राहिलं एक. मशीन घेणाऱ्यानं ते महिन्यापूर्वी जुन्या मालाच्या अॅपवरून विकून टाकलं होतं. फार मिनतवाऱ्या केल्यावर त्यानं नंबर दिला. जामखेडकडचा भैरू नावाचा गडी, लग्नाचे व्हिडिओ जुळवायचं काम करतो.

जयमालानं फोन लावला. तुमच्या कॉम्प्युटरमधल्या कार्डाची वायर, असं म्हणेपर्यंत तिकडनं तो कडाडला. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड आहे म्हणून फोन करणारी बाई म्हणजे काय असते ते त्याला पक्कं माहीत होतं. त्याच्या चुलत्याला असंच एकीनं बुडवलं होतं. ओटीपी मागायच्या आत त्यानं नंबर ब्लॉक केला. खंडूच्या नंबरावरून लावला, तोही ब्लॉक. खरं बोलायला तिनं एवढे दिवस लावले होते, आणि आता तिचं खरं सगळ्या जगाच्या खोट्यासारखं ऐकू येत होतं.

रविवारी दुपारी तिनं रुक्मिणीबाईचा फोन घेतला, बटणांचा. भैरूनं उचलला आणि आवाज ओळखला.

"तुमीच का परत?"

"मीच. ओटीपी नको, लिंक नको, तुमचं नावसुदिक नको. तुमच्या मशीनच्या काचेत एक काळ्या वायरींची जुडी हाय. काटकोनात वळलीय. वळणापाशी पांढरा टाय हाय. ती जुडी मी बांधलीय. बघा, हाय का न्हाई."

फोन कटला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हाय," तो म्हणाला. "तुमाला कसं माहीत?"

"मशीन चालू हाय का?"

"सकाळपसनं. लग्नाचा व्हिडिओ लावलाय बनवायला."

जयमालानं त्याला मशीन बंद करायला सांगितलं. भिंतीतला प्लग काढायला सांगितला. तो कुरकुरला, सहा तासांचं काम वाया जाईल म्हणाला, पण पंख्यांचा आवाज थांबला तो तिला इकडं ऐकू आला. मग काच काढायला सांगितली. स्क्रू टेबलावर पडल्याचे चार टणटण आवाज तिनं मोजले.

"आता ती जुडी कार्डात जिथं घुसती, तितं दोन बोटं लावा. वढू नका. नुसती लावा."

रुक्मिणीबाई दारात येऊन उभी राहिली.

"ताई," भैरूचा आवाज आला, आता साफ वेगळा, "हे तर पोळतंय की वो."

"व्हय," जयमाला म्हणाली. "हात काढा. आता मी सांगते तसं करा."